दुर्बिणीचा माउंटवर तोल कसा साधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माउंट म्हणजे दुर्बिणीची नळी ज्यावर बसते आणि फिरते तो आधार. खालची बरीचशी उत्तरं जर्मन विषुववृत्तीय माउंट (एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला दांड्यावर काउंटरवेट म्हणजे तोलाचं वजन) डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत, कारण तोलाचे सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच येतात. डॉब्सोनियन (जमिनीवरच्या पेटीत बसणारं साधं) आणि फोर्क (नळीला दोन भुजांमध्ये धरणारं) माउंटबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. दोन अक्षांना बोलताना सगळे जी नावं वापरतात तीच इथे ठेवली आहेत. आरए म्हणजे विषुवांशाचा, खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला अक्ष. डेक म्हणजे क्रांतीचा, त्याला काटकोनात असलेला अक्ष.

तोल साधला नाही तर नेमकं काय बिघडतं?

मोटर नसलेल्या माउंटवर लगेच कळतं. क्लच (अक्ष धरून ठेवणारी पकड) सैल केला की नळी धाडकन एका बाजूला जाते, आणि वाटेत ट्रायपॉडचा पाय असेल तर त्यावर आपटते. मोटर असेल तर बिघाड दबून राहतो. आकाश दर सेकंदाला साधारण 15 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतं आणि मोटरला तेवढाच वेग धरून ठेवायचा असतो. एक बाजू जड असली की तिला सोबत ओझंही उचलावं लागतं. मग क्लच कणाकणाने घसरतो, किंवा स्टेपर मोटरचे टप्पे चुकतात आणि 'गो-टू' (हवा तो तारा आपोआप गाठणारी सोय) भलत्याच ठिकाणी जाऊन थांबतं. फोटोत तारे एका दिशेने लांबट येतात. गिअरचे दात लवकर झिजतात. बॅटरीही लवकर संपते.

उलट तोल जमला असेल तर किती थोड्या जोरात काम भागतं, याचं मोठं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातल्या पालोमारची 200 इंची हेल दुर्बीण. 1948 साली सुरू झालेल्या या दुर्बिणीचा फिरता भाग सुमारे 500 टनांचा आहे. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आणि तोल इतका नेमका आहे की ताऱ्यामागे फिरवायला एका अश्वशक्तीचा बारावा हिस्सा पुरतो.

माझी नळी सहा किलोची आहे. म्हणजे काउंटरवेटही सहा किलोचंच लागेल का?

नाही. तोल किलोंचा नसतो, किलो गुणिले अंतराचा असतो. सी-सॉवर लहान मूल टोकाला आणि मोठा माणूस मध्याजवळ बसला की फळी आडवी राहते, तोच हा हिशेब. अंतर मोजायचं ते आरए अक्षाच्या मध्यरेषेपासून नळीच्या मध्यापर्यंत आणि त्याच मध्यरेषेपासून वजनाच्या मध्यापर्यंत.

समजा कड्या, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण), कॅमेरा वगैरे धरून नळीचा भार 9 किलो आहे आणि ती अक्षापासून 20 सेंटिमीटरवर आहे. गुणाकार 180. पाच किलोचं एकच वजन असेल तर ते 36 सेंटिमीटरवर न्यावं लागेल, आणि बऱ्याच माउंटचा दांडा तिथवर पोचतच नाही. पाच-पाच किलोची दोन वजनं लावली तर 18 सेंटिमीटर पुरतात. दांड्याचं स्वतःचं वजनही मदतीला असतंच, त्यामुळे प्रत्यक्षात जागा थोडी अलीकडे येते. खरेदीआधी एवढा गुणाकार कागदावर करून पाहावा. लहान व्यासाच्या कड्यांमुळे नळी अक्षाजवळ बसते आणि काउंटरवेट कमी लागतं, हेही यातूनच समजतं. सारख्याच वजनाच्या दोन नळ्यांत जाड नळीला जास्त काउंटरवेट लागतं.

नुसतं वजन वाढवायला माउंटवर लोखंड लादायचं, हे विचित्र नाही का?

वाटतं खरं. पण जर्मन माउंटची अख्खी कल्पनाच त्यावर उभी आहे. जर्मन भिंगकार जोसेफ फ्राउनहोफरने 1824 साली दोर्पातच्या (आजचं एस्टोनियातलं तार्तू) वेधशाळेसाठी 24 सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण या पद्धतीने उभारली. घड्याळासारखं यंत्र तिला ताऱ्यामागे फिरवत असे, आणि ते यंत्र खाली उतरणाऱ्या वजनावर चालायचं. एवढ्याशा जोरावर एवढी लांब नळी फिरते ती काउंटरवेटमुळेच. काउंटरवेट सहसा माउंटच्या सांगितलेल्या क्षमतेत धरत नाहीत. तो आकडा नळी आणि तिच्यावरच्या सामानाचा असतो. आपल्या माउंटच्या पुस्तिकेत मात्र एकदा बघून घ्यावं.

तोल साधण्याआधी काय काय लावून घ्यायचं?

निरीक्षणाच्या वेळी जे जे नळीवर असणार आहे ते सगळं. आयपीस (डोळा लावायचं भिंग), डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा), फाइंडर, कॅमेरा, गाइड दुर्बीण (ताऱ्यावर लक्ष ठेवून माउंटला दुरुस्त्या द्यायला लावलेली छोटी दुर्बीण), दव-पट्टी (दव धरू नये म्हणून गरम होणारी पट्टी). आणि जे नसणार ते काढून ठेवायचं: पुढचं झाकण हमखास विसरलं जातं. मोठ्या नळीचं धातूचं झाकण चांगलंच जड असतं आणि ते लांब टोकाला असल्याने त्याचा परिणाम आणखी वाढतो. दवरोधक नळकांडं पुढे ओढायचं असेल तर ओढून घ्यावं.

फोकसही आधी अंदाजे जुळवावा. अपवर्तक (भिंगाच्या) दुर्बिणीत फोकसर (आयपीस किंवा कॅमेरा पुढेमागे सरकवणारा भाग) बाहेर काढला की कॅमेऱ्यासकट सगळं मागे सरकतं. श्मिट-कॅसेग्रेन या आखूड, आरशाच्या दुर्बिणीत आतला मुख्य आरसाच सरकतो, पण तो फरक इतका थोडा की त्याची फार काळजी नको.

केबलींकडे मात्र लक्ष द्यावं. टांगती केबल नळीच्या प्रत्येक स्थितीत वेगवेगळा ताण देते आणि असा बदलता ताण कोणत्याही वजनाने सावरता येत नाही. सगळ्या केबली नळीवरून डेक अक्षाजवळ आणून तिथे बांधाव्यात आणि तिथून खाली सोडाव्यात.

आधी कोणता अक्ष, आरए की डेक?

यावर हौशी मंडळींत भरपूर वाद चालतात. माझं मत असं: आधी आरए ढोबळ, मग डेक नेमका, मग आरए नेमका.

कारण सरळ आहे. नळीचा गुरुत्वमध्य डेक अक्षावर नसेल तर डेकमध्ये नळी फिरवताना तो मध्य आरए अक्षाभोवतीही जागा बदलतो. म्हणजे एका दिशेला रोखून आरएचा तोल साधला आणि दुसरीकडे वळलो की तो बिघडला. डेक आधी जुळला की आरएचा तोल सगळीकडे टिकतो. मग सुरुवातीला ढोबळ आरए कशाला? डेक जुळवण्यासाठी दांडा आडवा धरून ठेवावा लागतो, आणि एक बाजू फारच जड असेल तर लॉक घसरून सगळं फिरण्याचा धोका असतो.

डेकचा तोल प्रत्यक्ष कसा साधायचा?

काउंटरवेटचा दांडा जमिनीला समांतर करून आरए लॉक करा. एक हात नळीवर ठेवूनच डेकचा क्लच हळूहळू सैल करा. नळी आडवी करा आणि हाताची पकड थोडी ढिली करून बघा, कोणतं टोक खाली जातंय. पुढचं टोक गेलं तर नळी मागे सरकवायची, मागचं गेलं तर पुढे.

आता सरकवण्याबद्दल. दांडा आडवा असताना सॅडलचा (नळीखालची डोव्हटेल पट्टी पकडणाऱ्या खाचेचा) स्क्रू सैल करू नये. त्या स्थितीत नळी सॅडलच्या बाजूला लटकलेली असते आणि स्क्रू अर्धा फेरा जास्त फिरला तरी डोव्हटेल पट्टी निसटू शकते. त्याऐवजी दांडा खाली आणा म्हणजे नळी सर्वांत वर येईल, आणि डेक 90 अंश वळवून नळी आडवी करा. नळी ध्रुवाकडे रोखलेली ठेवली तर ती उतरती राहते आणि स्क्रू ढिला होताच घसरू लागते; आडवी केली की हा प्रश्न राहत नाही. दोन्ही क्लच लॉक करा. मग स्क्रू जेमतेम सैल करून, नळीला मिठी मारल्यासारखं धरून, हवी तेवढी सरकवा आणि घट्ट करा. पुन्हा दांडा आडवा करून तपासा. हे दोन-तीनदा करावं लागतं. जमलं की पट्टीवर सॅडलच्या कडेशी टेपचा तुकडा चिकटवून खूण करून ठेवा, पुढच्या वेळी थेट तिथेच बसवता येतं.

ही ये-जा वाचवायची असेल तर मध्यबिंदू आधी टेबलावर काढता येतो. गोल दांडक्यावर डोव्हटेल पट्टी टेकवून, सगळ्या सामानासकट नळी पुढेमागे सरकवायची आणि जिथे ती दोन्हीकडे झुकेनाशी होते तिथे खूण करायची. सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

आणि आरएचा?

हे त्यामानाने सोपं. डेक लॉक, नळी आरए अक्षाला समांतर, दांडा आडवा, आरएचा क्लच सैल. नळी खाली जात असेल तर वजन बाहेर, वजन खाली जात असेल तर आत. वजन सरकवताना दांडा खाली आणलेला असावा आणि एका हाताने वजन खालून धरलेलं असावं. दांड्याच्या टोकाचा सुरक्षेचा स्क्रू काढून ठेवायचा नाही. तो वजन पायावर पडू नये म्हणूनच असतो.

नळी आडवी असताना तोल अगदी बरोबर असतो, पण वर रोखली की फिरते. असं का?

कारण तोल फक्त लांबीच्या दिशेने साधला गेला आहे. नळीच्या एका कुशीला काहीतरी जड आहे: फाइंडर, गाइड दुर्बीण, न्यूटोनियनचा (बाजूने बघायच्या आरशाच्या दुर्बिणीचा) फोकसर आणि त्यावरचा कॅमेरा. नळी आडवी असताना हा कुशीचा भार अक्षाच्या बरोबर वर किंवा खाली येतो, म्हणून गप्प बसतो. नळी उभी केली की तो अक्षाच्या बाजूला येतो आणि ओढायला लागतो.

तपासणी अशी. दांडा आडवा, आरए लॉक. आडव्या नळीचा तोल जमवल्यावर तीच नळी सरळ आकाशाकडे उभी करा आणि सोडून बघा. ज्या बाजूला कलंडेल ती कूस जड. उपाय दोन. एक, समोरच्या कुशीला छोटं वजन लावणं. दुसरा मला जास्त आवडतो: जड वस्तूच हलवा. न्यूटोनियन कड्यांमध्ये फिरवून फोकसर सॅडलच्या दिशेला किंवा त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला आणला, की कॅमेऱ्याचं वजन डेक अक्षाच्याच रेषेत येतं आणि कुशीचा ओढा संपतो. सॅडलच्या दिशेला आणलं तर काउंटरवेटही थोडं कमी लागतं. फोटो काढणाऱ्यांना हे सोयीचं. डोळ्याने बघणाऱ्यांना आयपीस भलत्या उंचीवर जातो, त्यांनी पहिला उपाय धरावा.

माझ्या माउंटचे अक्ष इतके घट्ट आहेत की कुठेही सोडलं तरी नळी तिथेच थांबते. तोल आहे की नाही हे कळणार कसं?

स्वस्त आणि मध्यम माउंटची ही नेहमीची तक्रार आहे. थंडीत ग्रीस घट्ट होतं तेव्हा तर जास्तच. नळी थांबते याचा अर्थ तोल जमला असा नाही. घर्षणाने तोलातली चूक झाकली गेली आहे एवढाच.

बोटाने ढकलून दोन्हीकडचा जोर ताडून बघणं ही पहिली पायरी. नेमकं हवं असेल तर सामान तोलायचा छोटा हुक-काटा घ्या. दांडा आडवा करून, क्लच सैल करून, दांड्याच्या टोकाला काटा अडकवा. हळूच सरळ वर ओढा आणि दांडा हलायला लागतो तो आकडा टिपा. मग तसाच सरळ खाली ओढा. समजा वर ओढायला 500 ग्रॅम लागले आणि खाली 300. घर्षण दोन्ही वेळा आड येतं, त्यामुळे वजाबाकी करून निम्मं केलं की उरते ती तोलातली चूक: 100 ग्रॅम. काटा अक्षापासून 40 सेंटिमीटरवर लावला असेल तर चूक 4 किलो-सेंटिमीटरची. वर ओढायला जास्त लागले म्हणजे वजनाची बाजू जड आहे. पाच किलोचं काउंटरवेट 8 मिलिमीटर आत सरकवा, काम झालं. सरासरी काढली तर घर्षण किती तेही कळतं, इथे 400 ग्रॅम. पुढे कधी हा आकडा फारच वाढलेला दिसला तर ग्रीस किंवा बेअरिंगकडे बघायची वेळ आली असं समजावं. डेकसाठी हीच रीत नळीच्या टोकाला करायची.

मोटरच्या माउंटवर आणखी एक खूण आहे. पूर्ण वेगाने एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला फिरवून आवाज ऐका. एकीकडे कण्हत असेल आणि दुसरीकडे मोकळी चालत असेल, तर जी बाजू वर जाताना मोटर कण्हते ती जड.

पूर्वेची बाजू मुद्दाम जड ठेवा असं सांगतात. त्यात तथ्य आहे का?

वर्म-गिअरच्या (मळसूत्री दांड्याने दातेरी चाक फिरवणाऱ्या) माउंटवर, लांब एक्सपोजरचे फोटो काढायचे असतील तर आहे. वर्म आणि चाक यांच्या दातांमध्ये बारीकशी मोकळी जागा असते. तोल अगदी तंतोतंत असेल तर चाक त्या फटीत कधी या दाताला तर कधी त्या दाताला टेकतं, आणि वाऱ्याच्या झुळुकीनेही हेलकावतं. एक बाजू किंचित जड असली की दात एकाच अंगाने टेकून राहतात.

पूर्वच का? माउंट पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतं तेव्हा पूर्वेकडची बाजू वर चढत असते. ती जड असेल तर मोटर सतत उचलत राहते आणि दात दाबून बसतात. पश्चिमेची जड असेल तर भार मोटरच्या पुढे धावायला बघतो.

आता गंमत अशी की तारा याम्योत्तर वृत्ताच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) पूर्वेला असताना नळी माउंटच्या पश्चिमेला आणि काउंटरवेट पूर्वेला असतं. म्हणजे वजन जरासं बाहेर. मेरिडियन फ्लिप झाला, म्हणजे ताऱ्याने ती रेषा ओलांडल्यावर माउंटने नळी दुसऱ्या बाजूला नेली, की बाजू बदलतात, नळी पूर्वेला येते, आणि आता वजन जरासं आत हवं. जरासं म्हणजे काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर. रात्री आपोआप फ्लिप होऊ द्यायचा असेल आणि मध्ये उठून वजन हलवायचं नसेल, तर ज्या बाजूला जास्त वेळ फोटो काढणार त्या बाजूसाठी जुळवावं किंवा सरळ तंतोतंत तोल ठेवावा. डोळ्याने बघणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये.

हार्मोनिक ड्राइव्हच्या माउंटला तोल लागतच नाही ना?

त्या (लवचिक दातेरी कड्याच्या) गिअरमध्ये दातांची मोकळी फट जवळपास नसते आणि जोर भरपूर असतो. त्यामुळे ठरावीक भारापर्यंत काउंटरवेटशिवाय चालतं, आणि पूर्वेची बाजू जड ठेवायचा नियमही लागू नाही. पण गुरुत्वाकर्षण कुठे जात नाही. काउंटरवेट नसताना सगळं ओझं एका बाजूला असतं, आणि हलक्या ट्रायपॉडवर गुरुत्वमध्य पायांच्या त्रिकोणाबाहेर गेला तर माउंट, नळी, कॅमेरा सगळं एकदम आडवं होतं. म्हणून ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवा, खाली जड पिशवी टांगा, आणि नळी फिरेल त्या प्रत्येक टोकाच्या स्थितीत एकदा हाताने ढकलून बघा. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या वर जायचं असेल तर काउंटरवेट लावावंच लागतं. वीज गेल्यावर अक्ष धरून ठेवणारा ब्रेक सगळ्या मॉडेलांमध्ये असतोच असं नाही, हेही आधी बघून घ्यावं. या माउंटना बहुधा क्लच नसतो. मग डेकचा तोल टेबलावर दांडक्याच्या रीतीनेच काढायचा.

एक मोठं वजन अक्षाजवळ बरं, की छोटं वजन लांब दांड्यावर?

मोठं, जवळ. तोल दोन्हीकडे सारखाच, पण हलवायला लागणारा जोर सारखा नसतो. फिरताना वस्तूचं जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. मघाचंच उदाहरण घ्या. पाच किलो 36 सेंटिमीटरवर म्हणजे 5 गुणिले 36 गुणिले 36, म्हणजे 6480. दहा किलो 18 सेंटिमीटरवर म्हणजे 3240, बरोबर निम्मं. जडत्व कमी असलं की मोटर चटकन वेग घेते आणि थांबते, गाइडिंगच्या बारीक दुरुस्त्या नीट लागू होतात, वाऱ्याने सुरू झालेली थरथर लवकर विरते. दांड्याला जोडायचा लांबीचा तुकडा स्वस्त पडतो, पण तो पैसा मी दुसऱ्या वजनात घालेन. एक अपवाद आहे: ट्रायपॉडच मुळात तकलादू असेल आणि जास्तीचे पाच किलो सोसणार नसेल तर.

ट्रायपॉड सपाट नसेल तर तोल बिघडतो का?

तोल नाही बिघडत, उभं राहणं बिघडतं. एक पाय खगोलीय ध्रुवाच्या दिशेला ठेवावा, कारण माउंटचं डोकं तिकडेच झुकलेलं असतं.

अक्षांशाचा तोलाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. आरए अक्ष जमिनीशी अक्षांशाइतका कोन करतो. विषुववृत्ताजवळ तो जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे तोलातली चूक पूर्ण जोराने जाणवते. 60 अंश अक्षांशावर तीच चूक निम्म्या जोराने ओढते. ध्रुवावर अक्ष उभाच, तिथे आरएला तोल नसला तरी नळी फिरणार नाही. म्हणून कमी अक्षांशावर राहणाऱ्यांनी आरएकडे जास्त बारकाईने बघावं. तिथे आणखी एक अडचण येते. दांडा बराच उभा राहतो आणि खालच्या टोकाचं वजन फिरताना ट्रायपॉडच्या पायाला धडकू शकतं. वजन वर ठेवणं, म्हणजेच जड वजन अक्षाजवळ ठेवणं, इथेही उपयोगी पडतं. तेवढ्याने भागलं नाही तर माउंट आणि ट्रायपॉडमध्ये उंची देणारा तुकडा बसवतात.

दर वेळी आयपीस बदलला की पुन्हा तोल साधायचा?

छे. साधे सव्वा इंची आयपीस एकमेकांपेक्षा फार वेगळ्या वजनाचे नसतात. मधल्या वजनाचा आयपीस लावून तोल साधावा आणि निरीक्षणाला लागावं. दोन इंची रुंद क्षेत्राचे काही आयपीस मात्र किलोच्या आसपास जातात. तसा एखादा वापरायचा असेल तर दोन आयपीसांसाठी पट्टीवर दोन खुणा करून ठेवता येतात. किंवा हलका आयपीस लावताना फोकसरजवळ तेवढ्याच वजनाचं काहीतरी अडकवायचं. ग्रह-चंद्र बघायला क्लच थोडा घट्ट केला तरी भागतं.

नळी सरकवून सरकवून पट्टी संपली, तरी तोल येत नाही.

कॅमेरा लावलेल्या श्मिट-कॅसेग्रेनमध्ये हे हमखास होतं. आरसा मागे, कॅमेरा त्याच्याही मागे, आणि नळी आखूड. लांब डोव्हटेल पट्टी हा पहिला उपाय. विक्सेन पद्धतीच्या अरुंद पट्टीऐवजी लॉसमँडी पद्धतीची रुंद पट्टी घेतली तर पकडही चांगली बसते, अर्थात सॅडल तसं असेल तर. दुसरा उपाय नळीच्या पाठीवर आणखी एक पट्टी लावून तिच्या पुढच्या टोकाला सरकतं वजन बसवणं. ते जितकं पुढे तितकं हलकं चालतं. गाइड दुर्बीण आणि दव-पट्टीचा नियंत्रक पुढच्या बाजूला हलवले तर कधी कधी वेगळं वजन लागतच नाही. ते आधी करून बघा.

दोन दुर्बिणी शेजारी शेजारी लावल्या आहेत. त्यांचा तोल?

दोन्ही ज्या आडव्या पट्टीवर आहेत ती पट्टी सॅडलमध्ये डावी-उजवी सरकवून आधी कुशीचा तोल साधा, नळ्या उभ्या ठेवून. मग प्रत्येक नळी आपापल्या कड्यांत पुढेमागे.

डॉब्सोनियनचं काय? ती खाली मान टाकते.

डॉब्सोनियनमध्ये तोल आणि घर्षण मिळून काम करतात. टेफ्लॉनच्या तुकड्यांवर नळीच्या बाजूच्या चकत्या टेकलेल्या असतात आणि थोडंसं घर्षण मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे सोडली तिथे नळी थांबावी. चकत्या मोठ्या असतील तर तोलातली बरीच चूक पोटात घातली जाते. लहान असतील तर जड आयपीस लावताच नळी पुढे झुकते.

नळी कुठे घसरते त्यावरून दुखणं ओळखता येतं. लांबीच्या दिशेतली चूक क्षितिजाजवळ पूर्ण जोराने ओढते, 60 अंश उंचीवर निम्म्याने, आणि डोक्यावर अजिबात नाही. तेव्हा खाली रोखल्यावर मान टाकते पण वर ठीक असते, तर पुढचं टोक जड. उलट खाली ठीक आणि डोक्यावर नेल्यावर मागे कलंडते, तर नळीच्या वरच्या अंगाला, म्हणजे फाइंडर आणि फोकसरच्या बाजूला भार आहे. पहिल्या दुखण्याला मागच्या टोकाला वजन हवं. दुसऱ्याला पोटाखालच्या अंगाला.

वजन किती? समजा नवा आयपीस जुन्यापेक्षा 600 ग्रॅमने जड आहे आणि फोकसर अक्षापासून 80 सेंटिमीटर पुढे आहे. आरशाचं टोक अक्षापासून 40 सेंटिमीटर मागे. तर तिथे 1.2 किलो लागेल. लोखंडी नळीला चुंबकाने वजन चिकटवता येतं आणि हवं तसं सरकवता येतं. पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी नळीला चुंबक धरत नाही, तिथे वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधलेली छर्ऱ्यांची पिशवी उत्तम. बाजूचे स्प्रिंग किंवा घर्षणाचे स्क्रू आवळून काम भागवणारेही आहेत, पण त्याने नळी अडखळत सरकते, आणि जास्त वर्धनावर ग्रहाच्या मागे-मागे जाताना ते अडखळणं फार छळतं. आधी वजन, मग स्क्रू.

फोर्क किंवा एका हाताच्या माउंटवर?

नळीच्या पोटाखाली पट्टी आणि तिच्यावर सरकतं वजन. मागे कॅमेरा आला की वजन पुढे. पाचरीवर बसवून विषुववृत्तीय केलेल्या फोर्कला दोन भुजांमधला डावा-उजवा तोलही बघावा लागतो. एका हाताच्या माउंटमध्ये नळी सॅडलमध्ये पुढेमागे करणं एवढंच आपल्या हाती असतं.

तोल नीट आहे, तरी फोटोत तारे लांबट येतात.

मग दोष तोलात नाही. ध्रुवाशी जुळवणी चुकली असेल, वर्मची ठरावीक काळाने परत येणारी चूक असेल, फोकसर लवत असेल, केबल ओढत असेल. चांगल्या तोलाने यातलं काहीही दुरुस्त होत नाही. दर काही मिनिटांनी तीच लचक परत येत असेल तर वर्मकडे बोट दाखवा.

मध्येच क्लच सैल करून तोल सुधारला आणि 'गो-टू' चुकायला लागलं.

माउंट आपली जागा मोटरच्या फेऱ्या मोजून लक्षात ठेवतं. क्लच सैल करून हाताने फिरवलं तर ते त्याला कळतच नाही. अक्षांवर स्वतंत्र एन्कोडर (कोन मोजणारं उपकरण) असलेली माउंट याला अपवाद. बाकीच्यांनी पुन्हा ताऱ्यांवर जुळवणी करायची. म्हणून तोलाचं सगळं काम उजेड असतानाच, जुळवणीच्या आधी उरकून घ्यावं.

आवरताना आधी काय काढायचं?

आधी नळी, मग काउंटरवेट. लावताना याच्या उलट, आधी काउंटरवेट. कारण नळीशिवाय नुसतं वजन असलं तर ते खालीच लोंबकळत राहतं आणि माउंट स्थिर असतं. वजनाशिवाय नुसती नळी वर असली तर ती संधी मिळताच खाली यायला बघते, आणि तेव्हा तिला थांबवायला फक्त क्लच असतो. नळी काढताना दांडा सरळ खाली, दोन्ही क्लच लॉक, वीज बंद, केबली सुटलेल्या. सॅडलला दोन स्क्रू असतील तर छोटा शेवटपर्यंत लावलेला ठेवा आणि नळीचा पूर्ण भार हातात आल्यावरच तो सोडा.